खालून पाहिलेली मुंगी

माझ्या फ्लायच्या डबीत एक कप्पा असा आहे की तो उघडला की शेजारी बसलेल्या माणसाला हमखास हसू येते. त्यात ना तलम उभे पंख आहेत, ना रंगांची सूक्ष्म छटा जुळवलेली पिसे. आहेत ते काळ्या फोमचे ओबडधोबड तुकडे, त्यांना आडवे बांधलेले रबराचे पाय आणि पाठीवर नारिंगी रंगाचा एक ठिपका. बाकीच्या कप्प्यांतल्या देखण्या फ्लाय बहुतेक वेळा कोरड्याच घरी परततात, आणि गेल्या काही हंगामांत मला मिळालेल्या जंगली ट्राउटांपैकी निम्म्याहून अधिक या विनोदी कप्प्याने दिले आहेत. जंगली ट्राउट म्हणजे मत्स्यबीज केंद्रात वाढवून प्रवाहात सोडलेला नव्हे, तर त्याच प्रवाहाच्या तळच्या खडीत अंड्यातून बाहेर पडलेला, बगळा, पाणमांजर आणि माणूस या तिघांनाही पुरता ओळखून असलेला मासा. त्याला फसवणे सोपे नसते, आणि म्हणूनच त्याला काय दिसते याचा विचार करणे भाग पडते.

फ्लाय फिशिंगशी ज्यांचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फ्लाय म्हणजे गळावर दोरा, पिसे, केस किंवा फोम बांधून तयार केलेली कीटकाची प्रतिकृती. तिला स्वतःचे वजन जवळजवळ नसल्यामुळे ती फेकता येत नाही. फेकली जाते ती जाड, वजनदार लाइन, आणि फ्लाय तिच्यामागून जाते. या छंदातले बहुतेक लेखन पाण्यात जन्मणाऱ्या कीटकांभोवती फिरते. मेफ्लाय, कॅडिस, स्टोनफ्लाय हे कीटक अळीअवस्थेत दगडांखाली राहतात, ठरावीक ऋतूत, ठरावीक वेळी थव्याने पाण्याबाहेर पडतात, आणि त्या वेळी ट्राउट त्यांच्याखेरीज दुसऱ्या कशाकडे पाहत नाही. उत्तर गोलार्धात जुलैच्या मध्यापर्यंत हा सोहळा बराचसा ओसरतो. मग सप्टेंबरच्या अखेरपर्यंत पाणी कमी, स्वच्छ आणि संथ असते आणि दुपारी त्यावर काहीच घडताना दिसत नाही. नवशिका मनुष्य या दिवसांत रॉड बांधून घरी जातो. मीही जात असे.

पण याच दिवसांत काठावरच्या गवतात नाकतोडे, रातकिडे, भुंगेरे, तुडतुडे, मुंग्या, मुंगळे आणि झाडाच्या फांदीवरून धाग्याने लोंबणाऱ्या उंटअळ्या यांची सर्वाधिक गर्दी असते. यांपैकी कोणालाही पाण्यात जायचे नसते. वाऱ्याची झुळूक आली, उडी चुकली, फांदीवरून पाय सुटला की ते पडतात, आणि पडल्यावर त्यांना परत फिरता येत नाही. या अपघाती खाद्याला वेळापत्रक नाही, म्हणून ते आपल्या लक्षात येत नाही. माशाच्या मात्र ते पक्के लक्षात असते. जपानच्या होक्काइडो बेटावरील होरोनाई या वनातल्या ओढ्यात शिगेरू नाकानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम या बाबतीत मला फार महत्त्वाचे वाटते. नाकानो आणि मासाशी मुराकामी यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या हिशोबानुसार तिथल्या माशांच्या वर्षभराच्या ऊर्जेपैकी सुमारे ४४ टक्के वाटा जमिनीवरून पाण्यात पडलेल्या कीटकांचा होता. त्याआधीच्या एका प्रयोगात ओढ्याच्या काही भागावर जाळीचे छत घालून वरून पडणारे कीटक अडवले, तेव्हा मासे तळातल्या कीटकांवर तुटून पडले, शेवाळ खाणारे ते कीटक घटले आणि दगडांवर शेवाळ वाढले. वरून पडणारी मुंगी बंद झाली की दगडाचा रंग बदलतो, हे वाचल्यापासून मी काठावरचे गवत तुडवत चालणे सोडले आहे.

भूचर कीटकांच्या फ्लायचा गंभीरपणे विचार झाला तो मुख्यतः अमेरिकेतल्या पेन्सिल्वेनियात, कार्लाइल गावाजवळच्या लेटॉर्ट या चुनखडीच्या झऱ्यावर. कुरणातून वाहणाऱ्या त्या संथ, नितळ पाण्यात ट्राउट भर दुपारी वर येऊन काहीतरी टिपत असत आणि ते काय टिपतात हे कोणाच्याही नजरेस पडत नसे. व्हिन्सेंट मॅरिनॅरो आणि चार्ल्स फॉक्स या तिथल्या दोन फ्लाय मासेमारांनी काठावर पालथे पडून पाण्याचा पृष्ठभाग न्याहाळला, तेव्हा तेथे बारीक बारीक कीटक वाहताना आढळले. त्यांत तुडतुडेही होते. आपला शेतकरी कपाशीच्या पानाखाली पाहून ज्यांच्या नावाने कपाळावर हात मारतो तेच हे तुडतुडे, इंग्रजीतले जॅसिड. एवढ्या चिमुकल्या कीटकाची जाडी साकारण्याचा प्रयत्नच मॅरिनॅरोंनी सोडून दिला. वरून आडवे, चपटे, अपारदर्शक एक पीस आणि खाली कातरलेले तंतू, एवढेच त्यांनी बांधले. १९५० च्या सुमारास ही फ्लाय प्रसिद्ध झाली आणि जॅसिड याच नावाने ओळखली गेली. गमतीची गोष्ट अशी की ते पीस राखी रानकोंबड्याच्या मानेवरचे होते, म्हणजे सह्याद्रीत पहाटे आरवणाऱ्या पक्ष्याचे. भारतातून त्याची निर्यात केव्हाच बंद झाली आहे आणि तो पक्षी रानातच शोभतो. त्या पिसाऐवजी काळ्या फोमची चिकटपट्टीएवढी पातळ चकती लावून मी काम भागवतो आणि ट्राउटने आजवर तक्रार केलेली नाही.

लांबी, रुंदी आणि अपारदर्शकता एवढ्यावर भर देणारा हा विचार मला कागदावर पटला होता, पण हाताने तो स्वीकारायला चार हंगाम लागले. त्याआधी मी जे नाकतोडे बांधत असे ते पाहून कोणीही वाहवा केली असती. डोळ्यांचे दोन काळे ठिपके, मागच्या पायांवर कुंचल्याने काढलेल्या तिरक्या रेघा, पंखांना वार्निश. एकेका नाकतोड्याला पाऊण तास लागे. ते तरंगतही छान, पाण्याच्या वर अगदी ऐटीत. मासा वर येई, फ्लायच्या खाली नाक लावून हातभर अंतर तिच्यासोबत मागे वाहत जाई आणि शेवटी शांतपणे वळून निघून जाई. अशा नकाराइतके अपमानास्पद या छंदात दुसरे काही नाही. मासा घाबरून पळाला तर आपली चूक चालण्यातली असते, पण तपासून नाकारले तर ती आपल्या कारागिरीवरची टीका असते.

शेवटी मी एक सपाट तळाचे काचेचे मोठे भांडे घेतले, ते दोन स्टुलांच्या मध्ये फटीवर ठेवले, निम्मे पाणी भरले आणि खाली जमिनीवर उताणा पडून वर पाहिले. माझ्या छंदातली सर्वांत उपयोगी अशी ती पंधरा मिनिटे होती. पाण्यात मी चार वस्तू टाकल्या होत्या: खिडकीच्या चौकटीत सापडलेला एक मेलेला मुंगळा, गवतातला एक मेलेला नाकतोडा, माझा पाऊण तासाचा नाकतोडा आणि अर्धवट सोडून दिलेली फोमची एक मुंगी. खरा नाकतोडा पाण्यावर नव्हता, पाण्यात होता. त्याचे पोट आणि मागच्या पायांच्या मांड्या पृष्ठभागाखाली गेल्या होत्या आणि केवळ पाठ वर कोरडी होती. खऱ्या मुंगळ्याचे दोन काळे गोळे आणि मधली रिकामी जागा इतकी स्पष्ट दिसत होती की दुसऱ्या कशाशी गल्लत होणे शक्य नव्हते. माझा देखणा नाकतोडा मात्र पिसांच्या टोकांवर टेबलासारखा उभा होता. खालून त्याचे दिसत होते ते पृष्ठभागाला टेकलेले वीसेक बारीक ठिपके आणि त्यांच्यावर एक धूसर डाग. डोळे, रेघा, वार्निश यांतले काहीही दिसत नव्हते.

यामागचे प्रकाशशास्त्र सोपे आहे. पाण्याखालून वर पाहणाऱ्या डोळ्याला बाहेरचे जग एका गोल खिडकीतूनच दिसते, कारण उभ्या रेषेपासून सुमारे ४८.६ अंशांपेक्षा अधिक तिरकी नजर पृष्ठभागावरून पूर्णपणे परावर्तित होते. या खिडकीचा व्यास माशाच्या खोलीच्या साधारण सव्वादोन पट असतो. म्हणजे ३० सेंटिमीटर खोलीवर थांबलेल्या ट्राउटची खिडकी जेमतेम ६८ सेंटिमीटरची, आणि तिच्याबाहेर सगळा आरसा, ज्यात नदीचा तळ उलटा दिसतो. वाहत येणारी वस्तू आधी या आरशात येते. तिचा जो भाग पाण्याखाली असेल किंवा पृष्ठभागाला खळगा पाडत असेल तेवढाच माशाला तेथे दिसतो, आणि वर जाण्याची तयारी तो बहुधा तेवढ्यावरूनच करतो. पाण्यात रुतून बसलेली मुंगी आरशातही मुंगीच दिसते. टेबलासारखा उभा नाकतोडा खिडकीच्या कडेला येईपर्यंत केवळ काही चमकते ठिपके असतो, आणि मग एकदम वेगळेच काही होतो. मासा वळून जात होता यात नवल नव्हते.

त्या संध्याकाळी मी कात्री घेऊन त्या नाकतोड्याच्या पोटाखालची सगळी पिसे सपाट कातरली. तो पाण्यात बसला. दिसायला भादरल्यासारखा झाला, पण बसला.

आता बांधणीबद्दल. मुंगीत सगळे काही कमरेवर अवलंबून आहे. १६ नंबरच्या गळावर (येथे आकडा वाढतो तसा गळ लहान होतो, हे नव्याने येणाऱ्याला नेहमी गोंधळात टाकते) मागच्या बाजूला काळ्या दोऱ्याचा एक मोठा गोळा, पुढे त्याहून लहान गोळा, आणि मध्ये गळाच्या दांडीवर दोऱ्याचा जेमतेम एक थर. या कमरेत काळ्या पिसाचे दोन वेढे, ते खालून कातरलेले. गोळ्यांवर वार्निशचे दोन थर दिले की ते खऱ्या मुंगीसारखे चकाकतात. ही दोऱ्याची मुंगी हळूहळू बुडते आणि बुडालेली मुंगीही माशाला चालते. तरंगती हवी असल्यास गोळ्यांच्या जागी २ मिलिमीटर जाडीच्या फोमची पट्टी तीन ठिकाणी आवळली की झाले. फोमच्या आत हवेच्या बंद पेशी असल्यामुळे ती कितीही वेळा दाबली तरी पुन्हा वर येते. मी पूर्वी दोन गोळ्यांच्या मधली जागा पिसांनी भरून टाकत असे, कारण रिकामी जागा पाहिली की बांधणाऱ्याचे हात शिवशिवतात. भरलेल्या कमरेची मुंगी ही मुंगी राहत नाही, ती एक काळी गोळी होते. पावसानंतरच्या दमट, उबदार दिवशी पंख फुटलेल्या मुंग्यांचे थवे बाहेर पडतात तेव्हा मागे तिरके दोन धूसर पंख जोडावेत. त्या दिवशी ट्राउट मुंगीखेरीज काहीही घेत नाही आणि डबीत पंखांची मुंगी नसेल तर काठावर बसून हात चोळण्यापलीकडे करण्यासारखे काही उरत नाही.

भुंगेऱ्याने मला एक वेगळा धडा दिला. त्याची रीत अशी की फोमची पट्टी गळाच्या वाकाजवळ बांधायची, दांडीवर मोरपिसाचे दोन-तीन तंतू गुंडाळून हिरवट चमकीचे पोट करायचे, पट्टी पाठीवरून पुढे ओढून आवळायची, पुढे थोडी शिल्लक ठेवून तिचे डोके करायचे आणि बाजूंना रबराचे बारीक पाय बांधायचे. मी रुंद पाठ सुंदर दिसते म्हणून पट्टी भरपूर रुंद घेतली होती. एका दुपारी एकाच झुडपाखाली एकच मासा तीन वेळा वर आला, तीन वेळा त्याने भुंगेरा तोंडात घेतला आणि तीनही वेळा माझ्या हाती रिकामी लाइन आली. मी माझ्या घाईला दोष देत बसलो. घरी भिंगाखाली पाहिले तेव्हा कळले की फोम खाली दुमडून गळाचे टोक आणि दांडी यांमधली फट त्याने जवळपास बुजवून टाकली होती, म्हणजे माशाच्या ओठात शिरायला टोकाला वावच नव्हता. तेव्हापासून पट्टी गळाच्या फटीपेक्षा रुंद घेत नाही आणि बांधण्यापूर्वी दांडीवर गोंदाचा एक थेंब देतो, नाहीतर पहिल्याच माशानंतर सगळा भुंगेरा दांडीभोवती फिरून पोटावर येतो. पाठीवरचा नारिंगी ठिपका माशासाठी नाही, माझ्या डोळ्यांसाठी आहे. मासा खाली असतो, त्याला तो दिसत नाही.

नाकतोड्याबद्दल एवढेच सांगतो की तो लहान बांधावा. हंगामाच्या सुरुवातीला काठावरचे नाकतोडे पिल्लावस्थेतले असतात, कात टाकत टाकत ते वाढतात, आणि पूर्ण वाढलेले मोठे नाकतोडे तिकडच्या उन्हाळ्याच्या अखेरीस, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात दिसतात. जुलैतच ६ नंबरच्या गळावरचा बोटभर नाकतोडा पाण्यात टाकला तर लहान मासे पळतात आणि मोठे संशय घेतात. १० किंवा १२ नंबर पुरे.

पाण्यावरची वागणूकही मला कीटकांनीच शिकवली. सकाळच्या गारव्यात नाकतोडा सुस्त असतो, त्यामुळे ऊन चढून वारा सुटण्याआधी त्याची फ्लाय वापरण्यात अर्थ नाही. मुंगी मात्र सकाळपासून चालते. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून खालच्या अंगाने, मागून, वाकून जायचे आणि आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. गवत पाण्यावर झुकले आहे त्या रेषेपासून वीतभर आत फ्लाय पडली पाहिजे, कारण प्रवाहाच्या मधोमध पडलेला भुंगेरा आला कोठून, असा प्रश्न माशाला पडत असावा. फांद्यांखाली पोहोचण्यासाठी रॉड आडवा ठेवून पाण्यालगत लाइन फेकावी लागते आणि तसे करताना निदान तीन फ्लाय झाडाला अर्पण होतात. मेफ्लायची प्रतिकृती पाण्यावर हलकेच उतरवण्याचा सराव केलेल्या माणसाला भुंगेरा टाकताना तो सराव विसरावा लागतो. भुंगेरा पडतो तेव्हा टपकन आवाज होतो, आणि तो आवाज ऐकूनच मासा वळलेला मी अनेकदा पाहिला आहे. मुंगीला मात्र आवाज नसतो. लीडर, म्हणजे जाड लाइनच्या पुढे जोडलेला निमुळता पारदर्शक धागा, नऊ फुटांचा, आणि त्याच्या टोकाला टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा सर्वांत बारीक तुकडा: मुंगीसाठी ५ एक्स म्हणजे सुमारे ०.१५ मिलिमीटर जाडीचा, नाकतोड्यासाठी त्याहून जाड ३ एक्स. एवढे पुरते. फ्लाय पडल्यावर लाइन प्रवाहाच्या वरच्या बाजूला उचलून टाकत राहायची, जेणेकरून फ्लाय ओढली न जाता मोकळी वाहील. मासा वर आल्यावर लगेच झटका द्यायचा नाही. त्याला तोंड मिटून खाली वळू द्यायचे. हे लिहायला सोपे आहे.

एक अडचण या प्रकारात मुळातच आहे आणि ती मला अस्वस्थ करते. नाकतोड्याची वेळ आणि पाणी सर्वाधिक तापण्याची वेळ एकच असते. ट्राउट हा थंड, प्राणवायूने भरलेल्या पाण्याचा मासा आहे. पाणी तापले की त्यातला विरघळलेला प्राणवायू घटतो आणि धडपडून दमलेला मासा सोडून दिला तरी तो वाचेलच असे राहत नाही. म्हणून मी खिशात थर्मामीटर ठेवतो आणि पाणी २० अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचले की रॉड गुंडाळतो, मग काठावर कितीही नाकतोडे उडत असोत. गळाचा उलटा काटा चिमट्याने आधीच दाबून टाकतो, माशाला हात लावण्यापूर्वी हात ओले करतो आणि त्याला पाण्याबाहेर फार वेळ ठेवत नाही. झऱ्याच्या पाण्यावर किंवा गर्द सावलीतल्या वरच्या ओढ्यांवर ही अडचण कमी येते, आणि तेथे मुंगीचेच राज्य असते. ट्राउटला मुंगीची आंबट चव आवडते असे या छंदातले लोक एकमेकांना सांगत असतात. मला त्यात फारसे तथ्य वाटत नाही. मुंग्या असतातच इतक्या की न आवडून सांगता कोणाला.

गेल्या आठवड्यात अशाच एका सावलीतल्या वळणावर, उघड्या पडलेल्या मुळांच्या खाली, एक मासा दर मिनिटाला नाक वर काढत होता. भुंगेऱ्याला त्याने वर येऊन पाहिले आणि तो परतला. लहान भुंगेऱ्यासाठी तो हललाही नाही. मग १८ नंबरची, जुनी, एका गोळ्यावरचे वार्निश उडालेली दोऱ्याची मुंगी बांधली. ती पाण्यात इतकी खोल बसली होती की मला दिसतच नव्हती. जिथे ती असावी असे वाटले तिथे पाणी किंचित फुगले आणि मी रॉड उचलला. पिवळसर अंगावर लाल ठिपके असलेला, सगळे पर शाबूत असलेला, वीत-दीड वीत लांबीचा ब्राउन ट्राउट होता. सोडल्यावर तो माझ्या बुटाच्या आडोशाला क्षणभर थांबला आणि मग मुळांखाली गेला.

मुंगीची अवस्था मात्र वाईट होती. तिचा कमरेतला दोरा माशाच्या दातांनी कुरतडला होता आणि पिसाचा वेढा सुटून लोंबत होता. माझ्या सगळ्या मुंग्या याच जागी तुटतात, कारण मी जिथे दोरा जवळजवळ ठेवतच नाही ती जागा हीच आहे. काल रात्री मी कमरेवर अतिशय बारीक तारेचे चार वेढे देऊन सहा नव्या मुंग्या बांधल्या. त्या मजबूत झाल्या आहेत, पण किंचित जाडही वाटतात. काचेचे भांडे स्टुलांवर मांडून ठेवले आहे. उजेड चांगला असेल तेव्हा खाली पडून बघेन.